हरभऱ्यातले पाहुणे

रानातली हरणे माणसांत मोकळी हिंडतात अशी ठिकाणे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात माणूस विमानाचे तिकीट काढून हरणांकडे जातो. दुसऱ्या प्रकारात हरणे कसलेही तिकीट न काढता माणसाकडे येतात. जपानमधले नारा हे शहर पहिल्या प्रकारात मोडते आणि नांदेड जिल्ह्यातला हदगाव तालुका दुसऱ्या. पहिल्या प्रकाराची पोस्टकार्डे मिळतात. दुसऱ्या प्रकारावर आजवर जे लिखाण झाले ते बहुतेक अर्जांच्या रूपात आहे.

हदगावात ज्याला सरसकट हरीण म्हणतात ते शास्त्राच्या पुस्तकात हरीण नसते. ते काळवीट असते, आणि काळवीट हा कुरंग आहे. फरक शिंगांचा. चितळ-सांबरांची शिंगे भरीव, फाटे फुटलेली आणि दरवर्षी गळून पुन्हा येणारी. काळविटाची आतून पोकळ, मळसूत्रासारखी पीळदार आणि जन्मभराची. मादीला बहुधा शिंगे नसतातच. नर वयात येतो तसा पाठीवर काळा पडत जातो, माद्या आणि पिल्ले बदामी राहतात. त्यामुळे कळपात पंधरा बदामी आणि एक काळा असा देखावा दिसतो. तो काळा मान ताठ ठेवून जरा बाजूला उभा असतो, इतर खात असताना चहूकडे नजर फिरवतो आणि काम काहीच करत नाही, म्हणून कोणत्याही गावच्या माणसाला तो पाहताक्षणी ओळखीचा वाटतो. कुरंग म्हटल्याने किंवा हरीण म्हटल्याने पिकाच्या नुकसानीत फरक पडत नाही, तेव्हा पुढेही हरीण हाच शब्द चालेल.

काळवीट ताशी ८० किलोमीटरच्या आसपास पळू शकते. हा वेग त्याच्या पूर्वजांनी चित्त्याच्या धाकाने कमावला. चित्ता भारतातून संपल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले, वेग मात्र शिल्लक राहिला. २०२२ मध्ये नामिबियातून चित्ते आणले तेही मध्य प्रदेशात कुनोला उतरले. हदगावच्या वाट्याला एकही आला नाही. आता हा एवढा वेग गोफणीच्या दगडापुढे आणि गावठी कुत्र्यापुढे खर्ची पडतो. कुत्राही फार ताणत नाही. धुऱ्यापर्यंत भुंकत जातो, मनाशी काहीतरी हिशोब करतो आणि आखाड्यावर परत येऊन भाकरीच्या तुकड्याची वाट बघतो.

हरीण माळरानाचे जनावर आहे. त्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर आणि पायांवर. लांबवर दिसले पाहिजे आणि पळायला मोकळे पाहिजे. उंच पिकात त्याला गुदमरते. गायराने आणि पडीक माळ नांगराखाली गेले, ज्वारी मागे हटली, तिच्या जागी गुडघ्याएवढे सोयाबीन पसरले, आणि हरणाला आपले माळरान कोणीतरी खत घालून हिरवे करून दिल्यासारखे झाले. रानडुकराची गोष्ट वेगळी. ते रात्री येते, उंच पिकात दडते, मुळासकट उकरते. त्याला चोर म्हणता येते. हरीण दिवसाढवळ्या, मालकासमोर खाते आणि मध्येच मान वर करून मालकाकडे बघते. डोळे असे की बघणाऱ्यालाच वाटावे, आपण भलत्या वेळी आलो. मृगनयना म्हणून बायकांची स्तुती करण्याची चाल संस्कृत कवींनी पाडली. त्यांच्यापैकी कोणाकडे कोरडवाहू पाच एकर असल्याची नोंद नाही.

नाराची व्यवस्था मुळापासून वेगळी आहे. हे शहर ७१० ते ७८४ या काळात जपानची राजधानी होते. तिथल्या कासुगा देवस्थानाचा एक देव पांढऱ्या हरणावर बसून आला अशी कथा आहे, त्यामुळे तिथले हरीण देवाचा दूत ठरले. १९५७ मध्ये सरकारने या हरणांना राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून जाहीर केले. २०२४ च्या मोजणीत ती तेराशेच्या वर भरली. ती रस्ता ओलांडतात तेव्हा बस थांबते, दुकानात डोकावतात तेव्हा दुकानदार हसून वाटेला लावतो. त्यांच्यासाठी तांदळाचा कोंडा आणि पीठ यांची पातळ बिस्किटे जागोजागी विकायला असतात. पर्यटक बिस्किट वर धरतो, हरीण मान लववते, पर्यटक धन्य होतो.

सहल कंपनीबरोबर गेलेली मराठी मंडळी या नमस्काराने फार हलतात. ‘बघ, मुक्या जनावराला कळतं,’ हे वाक्य अशा वेळी घरातल्या मुलाला उद्देशून सोडले जाते. पुढचा भाग फोटोत नसतो. बिस्किटे संपतात, नमस्कार थांबत नाहीत. आणखी दोन हरणे नमस्कार करत मागून येतात. मग पहिल्याने आजींच्या पदराचे टोक तोंडात धरलेले असते, दुसऱ्याने सहलीचा कार्यक्रम छापलेला कागद उद्याच्या दुपारपर्यंत खाल्लेला असतो आणि आजोबा दोन्ही हात वर करून, शरण आलेल्या सैनिकासारखे, मराठीतून ‘नाही, नाही’ म्हणत असतात. हरणे चावतात, लाथ मारतात, ढुशी देतात आणि पाडतात, असे चार चित्रांचे फलक हरणांच्या उद्यानात लावलेले आहेत. मंडळी त्या फलकाशेजारी उभी राहूनही फोटो काढतात. नरांची शिंगे लोकांना लागू नयेत म्हणून ती दरवर्षी कापण्याचा सोहळा १६७२ पासून चालत आला आहे, म्हणजे पर्यटकांच्या ढुंगणाची काळजी तिथे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दोन वर्षे आधीपासून घेतली जाते.

मात्र नाराच्या हरणालाही वावर कळते. उद्यानाबाहेर भातशेती आहे, आणि देवाचा दूत तिथे शिरला की भातच खातो. १९७९ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी या हरणांवरून देवस्थानाला कोर्टात खेचले. मुद्दा सरळ होता: हरणे देवाची, तर नुकसानही देवाने भरावे. १९८५ मध्ये तडजोड झाली आणि भागांची वाटणी ठरली. मधल्या भागात हरीण पूज्य, बाहेर जावे तसे पुण्य उतरत जाते, आणि अगदी बाहेरच्या भागात २०१७ पासून ठराविक संख्येने हरणे धरून मारण्याची परवानगी आहे. तेच हरीण, तेच डोळे. रस्त्याच्या अलीकडे बिस्किट, पलीकडे पिंजरा. हदगावच्या शेतकऱ्याला ही हकीकत सांगितली तर नमस्कार, बिस्किटे, पांढरे हरीण यांत त्याला गोडी नसते. तो एवढेच विचारतो, ‘भरपाई किती भेटली?’

हदगावचा पर्यटन हंगाम जूनमध्ये उघडतो. पेरण्या मृग नक्षत्रावर होतात, आणि मृग म्हणजे हरीण. नाव ठेवणाऱ्याला पुढचे सगळे दिसले असावे. पंचांगात नक्षत्राला वाहनही दिलेले असते, कधी बेडूक, कधी कोल्हा, कधी गाढव, आणि त्यावरून पावसाचे अंदाज बांधले जातात. वावरात मात्र मृगाचे वाहन दरसाल एकच असते. सोयाबीन दोन पानांवर आले की पहिली तुकडी येते. त्या वयाचे रोप हरणाला इतके मऊ लागते की ते शेंडा तेवढा खुडते आणि पुढच्या रोपाकडे सरकते. तासाभरात एक अख्खे तास नुसत्या दांड्यांचे उरते. शेंडा गेलेले इतके कोवळे रोप बहुधा सावरत नाही. दुबार पेरणी पावसाने दडी मारली म्हणून करावी लागते असे बातम्यांत येते. हरणांमुळे करावी लागणारी दुबार पेरणी बातमीत बसत नाही, कारण तिचा ढगांचा फोटो काढता येत नाही.

कापूस आणि तूर उंच झाली की पाहुणे थोडे दिवस कमी होतात. सोयाबीन निघाले, जमीन पुन्हा उघडी पडली आणि त्यात हरभरा पेरला, की दुसरा आणि मुख्य हंगाम. इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी जिथे पोचते तिथे तर गालिचाच. हरभऱ्याच्या पानांवर आंब असते, आंबट-खारट. माणसाची बोटेही पाला खुडून चाटली जातात, हरणाला तर तो पाला चटणीसकट वाढल्यासारखा वाटत असावा. येथे शेतीशास्त्राचा एक पेच आहे. हरभरा महिनाभराचा झाला की त्याचे शेंडे खुडावेत, म्हणजे फांद्या जास्त फुटतात आणि घाटे वाढतात, असा सल्ला कृषी विभागच देतो. हरीण हे काम फुकट करते. त्याला फक्त कुठे थांबायचे ते शिकवलेले नाही. मराठीत माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात, तेव्हा कोणीतरी चढवणारा लागतो. हरणाला त्याचीही गरज भासत नाही.

याच दिवसांत, संक्रांतीच्या करीला, तालुक्यातल्याच तामशाला बारालिंगाच्या देवस्थानात भाजी-भाकरीची पंगत बसते. तिथे माणसे ओळीने बसतात आणि वाढप्याची वाट बघतात. हरभऱ्यातल्या पंगतीलाही ओळ असते, कारण पेरणी तिफणीने केलेली असते. वाढपी नसतो, आणि आग्रह तर अजिबात नसतो.

पाहुण्यांना परत पाठवण्याची साधने पुष्कळ आहेत. त्यांत सर्वांत जुने बुजगावणे. काठीला काठी आडवी बांधायची, वर मडके, अंगात सदरा. हल्ली सदऱ्याच्या जागी निवडणुकीत फुकट मिळालेला, उमेदवाराचे हसरे छायाचित्र असलेला बनियन असतो. पहिले दोन दिवस हरणे त्याला घाबरतात. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात येते की हा नुसता हात पसरून उभा राहतो. चौथ्या दिवशी त्याच्या सावलीत पिल्लू बसते.

त्याहून परिणामकारक साड्यांचे कुंपण. वावराच्या चारी बाजूंनी काठ्या रोवून त्यांना जुन्या साड्या लांबीने बांधतात. वारा आला की त्या फुगतात, फडफडतात आणि हरीण बिचकते. त्यामुळे थंडीच्या दिवसांत हदगावचे शिवार लांबून एखाद्या मोठ्या घरच्या वाळवणासारखे दिसते. या साड्यांतला मोठा वाटा आहेराच्या साड्यांचा असतो. आहेराची साडी नेसण्यासाठी नसते हे सर्वांना माहीत आहे. ती एका लग्नातून दुसऱ्या लग्नात जाते, घड्या न मोडता चार-पाच घरे हिंडते, आणि आता शेवटी तिला धुऱ्यावर कायमची नोकरी लागते. यातून नवेच तंटे उभे राहतात. खुरपायला निघालेली बाई शेजारणीच्या कुंपणापाशी थबकते. जांभळ्या रंगाचा, मोराच्या काठाचा कापडाचा पट्टा बोटांत धरून बघते. ‘ही तर मी तुमच्या भाचीच्या लग्नाला नेसवली होती, अक्का.’ अक्का खाली बघून तण उपटते. काही वेळाने म्हणते, ‘चांगली टिकली बघा.’ हरणे त्या दिवशी या वावरात येत नाहीत. आवाजच एवढा होतो.

यंत्रांत झटका मशीन आहे. सौर पाटीवर बॅटरी, बॅटरीवर तारा, तारेला हात लावला की सणसणीत झटका. जीव जात नाही, आठवण राहते. हरीण एकदा शिकते आणि पुढे माणसाच्या उंचीएवढी उडी मारून तारेवरून आत येते. मालक शिकत नाही, तो दर आठवड्याला एकदा तार चालू आहे का ते हाताने बघतो. दुसरे यंत्र भोंगा. त्यात ‘हर्रऽऽ, हे हे हेऽऽ’ अशा आरोळ्या आणि कुत्र्यांचे भुंकणे भरलेले असते आणि ते रात्रभर वाजत राहते. आवाज बहुधा घरातल्या तरुण मुलाचा. मुलगा पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, त्याचा आवाज इकडे वावरात जागल करतो. आई सांजच्याला आखाड्यावर जाते तेव्हा दोन मिनिटे जास्त थांबते. पहाटे बॅटरी उतरू लागली की आरोळी लांबत, जड होत जाते, आणि हरणे ऐन त्या वेळी येतात. भोंग्यातल्या कुत्र्याला गावातले खरे कुत्रे मात्र निष्ठेने उत्तर देतात, अगदी दिवस उगवेपर्यंत.

याशिवाय डबे वाजवणे, फटाके, रिकाम्या बाटल्या तारेला टांगणे, चमकत्या पट्ट्या, न्हाव्याकडून आणलेले केस बांधावर टाकणे असे उपाय आहेत. प्रत्येक उपाय शेजारच्या गावात शंभर टक्के लागू पडलेला असतो.

या सर्व साधनांचा अंतिम परिणाम एकच: हरीण इथून उठून शेजारी जाते. धुऱ्याच्या एका विताएवढ्या जागेसाठी ज्यांच्या तीन पिढ्या कोर्टात गेल्या, ते दोन शेजारी हरणाच्या बाबतीत विलक्षण उदार असतात; सबंध कळप धुऱ्यापलीकडे देऊन टाकतात आणि बदल्यात काही मागत नाहीत. सकाळी चहाच्या टपरीवर हालहवाल होतो. ‘तुमच्याकडं किती होते?’ ‘असतील पंधरा-वीस. त्यात एक काळा.’ ‘मग आमच्याकडूनच गेलेत,’ असे पहिला म्हणतो, आणि त्या म्हणण्यात थोडा अभिमानही असतो, जसा मोठा पुढारी जेवून गेलेल्या घराला असतो.

मारणे हा उपाय नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद. १९९८ मधल्या जोधपूरच्या काळवीट-शिकारीच्या प्रकरणापासून हे कलम घरोघरी माहीत झाले आणि हदगावातला सालगडीही गोफण फिरवताना दगड जनावराच्या पुढे पडेल असाच सोडतो. उरतो भरपाईचा मार्ग. त्याला अर्ज लागतो, सातबारा लागतो, बँकेचे पासबुक लागते, पंचनामा लागतो. पंचनाम्यात प्रश्न असतात. किती जनावरे होती? मोजेपर्यंत थांबली नाहीत. हरीण होते की डुक्कर? येथे खुरांचे ठसे शोधले जातात. तोपर्यंत पंचनामा बघायला आलेल्या गावाने सगळे वावर तुडवलेले असते. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आहे, म्हणजे शेतकऱ्याने आपल्या पिकाचा फोटो मोबाईलवरून स्वतः चढवायचा. फोटो घ्यायला वावरात गेलेल्या काहींना फोटोत पिकाऐवजी हरीणच मधोमध येते, आणि अॅपमध्ये पिकांच्या यादीत ते सापडत नाही.

सरकारने हरणांना जागा दिलेली नाही असे नाही. वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, १८ चौरस किलोमीटरचे, खास काळविटांसाठी. तिकडे कर्जतजवळ रेहेकुरीला १९८० पासून दुसरे आहे, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. पैनगंगेच्या काठाने तर यवतमाळ-नांदेडच्या हद्दीत सबंध पैनगंगा अभयारण्य पडलेले आहे. अभयारण्यात गवत आहे. गवत आणि हरभरा यांच्यात निवड करायची वेळ आली तर माणूसही फार विचार करणार नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात शाजापूरकडे हेलिकॉप्टरने हाकून, नरसाळ्यासारख्या तोंडाच्या कुंपणात कोंडून, शेकडो काळविटे शेतांतून उचलून लांबच्या जंगलात सोडली. हदगावला हेलिकॉप्टर येते, पण पाच वर्षांतून एकदा, आणि ते माणसे एका मैदानात कोंडण्यासाठी असते.

माणसांतले पर्यटक हदगावला मुद्दाम येत नाहीत, ते सापडतात. नागपूर-तुळजापूर महामार्ग तालुक्यातूनच जातो. देवीला निघालेली गाडी करकचून थांबते, दारे उघडतात, ‘सांबर, सांबर!’ असा पुकारा होतो. कळप रस्त्यापासून शंभर पावलांवर उभा असतो. शहरातले वडील मुलांना निसर्ग समजावून सांगतात, आई चिवड्याची पिशवी उघडते. एक जण साडीच्या कुंपणावरून टांग टाकून आत जातो, कारण मोबाईलमध्ये जनावर लहान दिसते. शेतकरी आखाड्यावरून हातात काठी घेऊन पळत येतो. पाहुण्यांना वाटते, तो आपल्यावर धावून आला. तो त्यांच्याजवळून निघून जातो, हरणांवर ओरडतो, आणि गाडीतल्या बाई मनापासून दुखावतात. ‘काका, खाऊ द्या ना, किती गोड आहेत!’ काकांना धाप लागलेली असते. तेवढ्यात त्यांनाच फोटोत उभे राहायला सांगितले जाते, मागे हरणे येतील अशा बेताने. ते उभे राहतात. पागोटे नीट करतात.

मे महिन्यात हंगाम संपतो. वावरे उघडी, पाणवठे आटलेले. कळप पाण्यासाठी वस्तीच्या जवळ येतात आणि कठडे नसलेल्या विहिरी तशाच उघड्या असतात. कुत्रे मागे लागले की पळता पळता एखादे हरीण आत पडते. गावात बातमी पाच मिनिटांत पोचते. जो माणूस कालपर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतो तोच चप्पल काढून, धोतराचा काचा मारून, कमरेला दोर बांधून खाली उतरतो. वन विभागाचा माणूस वरून सूचना देतो. बाजेला चारी टोकांना दोर बांधून ती खाली सोडतात. खालचा माणूस पाण्यात छातीइतका उभा राहून हरणाला कवेत धरतो, डोळ्यांवर उपरणे बांधतो, कारण माणूस दिसत राहिला तर ते जनावर धसक्यानेच मरते. लाथांनी त्याची छाती सोलून निघते. ‘थांब रे बाबा, थांब, झालं,’ असे तो पोराशी बोलावे तसे बोलत असतो. वर पन्नास जण एकदम ओढतात, बाज घासत, ठेचकाळत काठावर येते.

डोळ्यांवरचे उपरणे सोडतात. हरीण क्षणभर तसेच पडून राहते, मग उठते, अंग झाडते. नाक वर करून वास घेते. मग दोन उंच उड्या आणि थेट समोर, कालव्याच्या पाण्यावरच्या उन्हाळी भुईमुगात. पन्नास मोबाईल त्याच्या मागे धावतात. भुईमूग ज्याचा आहे तो अजून विहिरीतच असतो.

‘अरे,’ खालून हाक येते, ‘दोर टाका की कुणीतरी!’